दुपारच्या मालिकांना दुपारचेच माप लावा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठी वाहिन्यांच्या दुपारच्या मालिकांवर पूर्ण पान आले, याचा मनापासून आनंद झाला. एरवी या मालिकांचा विषय ‘टाइमपास’ या एका शब्दात आटोपतो. मात्र त्या पानावरच्या तक्त्याला माझा आक्षेप आहे. रात्री आठची मालिका आणि दुपारी दीडची मालिका एकाच यादीत टीआरपीच्या उतरत्या क्रमाने लावून, तळाला आलेल्या दुपारच्या मालिकांना तुम्ही नापास केले आहे. दुपारची मालिका अशी मोजताच येत नाही. त्याच वेळी समोरच्या वाहिनीवर काय चालू असते, तिच्या आधी काय लागते आणि तिला त्या वेळेत किती काळ टिकू दिले, एवढे तरी पाहावेच लागते.

आधी आकड्याचे बोलू. समजा, शंभर घरांत टीव्ही आहे. दुपारी दीडला त्यांतले २० टीव्ही चालू आहेत आणि ४ घरे एक मालिका बघताहेत. रेटिंग झाले ४, पण चालू टीव्हींमधला वाटा झाला २० टक्के. रात्री आठला ६० टीव्ही चालू आहेत आणि ६ घरे दुसरी मालिका बघताहेत. तिचे रेटिंग ६, वाटा मात्र १० टक्के. तुमच्या तक्त्यात दुसरी मालिका वर बसेल. प्रत्यक्षात पहिलीने तिच्या वेळेचे मैदान दुप्पट जोराने मारलेले आहे. जाहिरातदार हे दोन्ही आकडे मागतात, वर्तमानपत्रे मात्र एकच छापतात.

दुपारच्या मालिकांचा सर्वांत जुना आणि बारकाईने नोंदलेला इतिहास अमेरिकेतल्या सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन नेटवर्कचा आहे. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ स्टार प्लसवर आपल्याकडेही दिसू लागल्या, म्हणून वाचकांना तो अगदीच परका वाटणार नाही. तो वेळेच्या गणिताने वाचला की आपल्याकडे काय बिघडते तेही उमगते.

सीबीएसने सुरुवातीला बाजी मारली ती रेडिओच्या पुण्याईवर. ‘द गायडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली आणि १९५२ मध्ये टीव्हीवर आली, रोज फक्त १५ मिनिटे. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणवाली कंपनी नुसती जाहिरातदार नव्हती, ती स्वतः या मालिकांची निर्माती होती. २ एप्रिल १९५६ रोजी सीबीएसने एकाच दिवशी अर्ध्या तासाच्या दोन मालिका आणल्या, दुपारी दीडला ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ आणि साडेचारला ‘द एज ऑफ नाइट’. पहिलीची लेखिका इर्ना फिलिप्स. तिने मालिकेचा वेग मुद्दाम उतरवला. दोन माणसे स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली आहेत आणि काल घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावताहेत, असा प्रसंग ती अख्खा चालवी. काम करता करता कानांनी बघता येईल, अशी ही बांधणी होती. पन्नाशीच्या अखेरीपासून सुमारे वीस वर्षे ही मालिका पहिल्या क्रमांकावर राहिली. आपल्याकडे ‘संथ’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या समीक्षकांनी हा काळ जरूर अभ्यासावा.

‘द एज ऑफ नाइट’चे जे झाले, ते मात्र वाहिनीच्या प्रत्येक कार्यक्रम-प्रमुखाला पाठ असायला हवे. ती गुन्हेकथेची मालिका. साडेचारची वेळ असल्यामुळे शाळा-कॉलेजातून परतलेली मुले आणि लवकर घरी येणारे पुरुषही ती बघत. १९६३ मध्ये ती साडेतीनला आणली. १९७२ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलला आपल्या मालिका सलग हव्या होत्या, म्हणून ती अडीचला आणली. लेखक १९६८ पासून तोच होता, हेन्री स्लेसर. मालिकाही तीच. पण अडीचला तिचा अर्धा प्रेक्षक वर्गात नाहीतर कामावर होता. क्रमांक घसरला. १९७५ च्या डिसेंबरात ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ला तासाची करण्यासाठी सीबीएसने तिला सोडले, एबीसीने उचलले आणि १९८४ मध्ये ती बंद पडली. टीआरपीच्या आकड्यात ‘मालिका घसरली’ एवढेच दिसते. घसरण कथेची आहे की घड्याळाची, हे त्यात कुठेच दिसत नाही.

एनबीसीची चूक वेगळी होती. ‘अनदर वर्ल्ड’ १९६४ ची. जानेवारी १९७५ मध्ये ती रोज एक तास दाखवली जाणारी पहिली मालिका ठरली आणि तो प्रयोग चालला. मग मार्च १९७९ मध्ये नेटवर्कने ती ९० मिनिटांची केली. आठवड्याचे पाच दिवस, रोज तासाभराहून जास्त नाट्य लिहायचे आणि चित्रित करायचे! असे केले की पात्रे वाढवावी लागतात. पात्रे वाढली की मुख्य जोडी चार-चार दिवस दिसत नाही, आणि एका प्रसंगाचे तीन तुकडे होऊन तीन ब्रेकच्या मागे जातात. १९७१ पासून ती लिहिणारे हार्डिंग लमे त्याच वर्षी बाहेर पडले. शेवटचा तास थेट एबीसीच्या ‘जनरल हॉस्पिटल’समोर पडत होता, आणि ती मालिका नेमकी तेव्हाच उसळी घेत होती. ऑगस्ट १९८० मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ पुन्हा तासावर आली, पण गेलेला प्रेक्षक परतला नाही.

‘जनरल हॉस्पिटल’ १९६३ पासून चालू होती आणि सत्तरीच्या मध्यावर बंद पडण्याच्या बेतात होती. १९७८ च्या सुरुवातीला ती तासाची झाली आणि सूत्रे ग्लोरिया माँटी यांच्याकडे आली. त्यांनी प्रसंग लहान केले, कॅमेरा हलता ठेवला आणि तरुण पात्रे पुढे आणली. १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ ला ल्यूक आणि लॉरा या पात्रांचे लग्न झाले, ते सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. नोव्हेंबर का, तर तिकडे फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या महिन्यांतल्या मोजणीवर स्थानिक केंद्रांचे जाहिरातदर ठरत. लग्न, अपघात, खटला हे सगळे त्या महिन्यांत बसवले जाई. या यशानंतर बाकीच्यांनी जोडप्याची आणि साहसकथेची नक्कल सुरू केली. ‘जनरल हॉस्पिटल’मधले हवामान गोठवणारे यंत्र एका मालिकेत एकदा शोभले. ते सर्वत्र आल्यावर घरातल्या गोष्टी सांगणारे लेखक बाजूला पडले.

एबीसीची खरी शिदोरी मात्र ॲग्नेस निक्सन, असे माझे ठाम मत आहे. १९६८ मध्ये त्यांनी ‘वन लाइफ टू लिव्ह’ आणली आणि तिच्यात गोरी म्हणून वावरणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणीची गोष्ट महिनोन्महिने चालवली. १९७० मध्ये ‘ऑल माय चिल्ड्रन’ आली. त्याआधी १९६२ मध्ये त्यांनी ‘द गायडिंग लाइट’मध्ये एका पात्राला गर्भाशयाचा कर्करोग दाखवून बायकांपर्यंत तपासणीचे महत्त्व पोचवले होते. तेही ‘कर्करोग’ आणि ‘गर्भाशय’ हे शब्द न उच्चारण्याच्या अटीवर! रोज भेटणाऱ्या पात्राला आजार झाला की प्रेक्षक स्वतः डॉक्टरकडे जातो. ही ताकद आठवड्यातून एकदा येणाऱ्या कार्यक्रमात नसते.

त्या लाटेनंतर पहिला क्रमांक पुन्हा सीबीएसकडे आला तो विल्यम बेल यांच्या ‘द यंग अँड द रेस्टलेस’मुळे. ही १९७३ ची मालिका १९८८ च्या अखेरीस वर चढली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तिथेच राहिली. तिची घडण बघण्यासारखी आहे. १९८० मध्ये ती तासाची केली, तेव्हा वाढलेल्या कामाला कंटाळून बरेच कलाकार सोडून गेले. बेल यांनी एकेकाच्या जागी नवा चेहरा बसवण्याचे ठिगळ लावत न बसता, मूळची ब्रूक्स आणि फॉस्टर ही घराणी हळूहळू बाजूला नेली आणि ॲबट व न्यूमन या कुटुंबांवर मालिका पुन्हा उभी केली. सुरुवातीपासून १९९८ पर्यंत मुख्य लेखक तेच. एकाच माणसाच्या डोक्यात पंचवीस वर्षांची वंशावळ असल्यावर दहा वर्षांपूर्वीचा अपमान आज बाहेर काढता येतो. आपल्याकडे सहा महिन्यांत कथालेखक बदलला की नायिकेची मावशी कायमची गायब होते.

आता वेळेचे माप किती निर्णायक असते याचा एक दाखला. एनबीसीची ‘सांता बार्बरा’ जुलै १९८४ मध्ये सुरू झाली. १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे तिने दुपारच्या मालिकांचा सर्वोच्च एमी पुरस्कार घेतला. तरीही जानेवारी १९९३ मध्ये ती बंद झाली. दुपारी तीनला समोर एका बाजूला ‘जनरल हॉस्पिटल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गायडिंग लाइट’. दोन्हींचा प्रेक्षक आईकडून मुलीकडे आलेला. अशा वेळेत नव्या मालिकेला रुजायला किती काळ लागतो, हे एनबीसीने कधी ओळखलेच नाही. नेटवर्कची तुलना सरासरीवर केली, तर ही मालिका वाईट ठरते. समोरच्या दोघी लक्षात घेतल्या, तर तिचे साडेआठ वर्षे टिकणे हेच मोठे वाटते.

नंतरची पडझड झपाट्याने झाली. १९६९-७० च्या हंगामात १९ मालिका चालू होत्या. २०१२ मध्ये चार उरल्या. १९९५ मध्ये फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने महिनोन्महिने भाग कापले गेले आणि रोजची सवय मोडली. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या होत्याच. खर्चाचे गणितही होते. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’च्या जागी गप्पांचा कार्यक्रम आला, ‘ऑल माय चिल्ड्रन’च्या जागी खाद्यपदार्थांचा, ‘गायडिंग लाइट’च्या जागी बक्षिसांचा खेळ. सगळे स्वस्त. ‘गायडिंग लाइट’ने तर २००८ मध्ये खर्च वाचवायला हातातले कॅमेरे घेऊन न्यू जर्सीतल्या एका गावात चित्रीकरण सुरू केले, ओळखीचे दिवाणखाने गेले आणि पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, मालिकाही गेली. एनबीसीने आपली शेवटची मालिका ‘डेज ऑफ अवर लाइव्ज’ २०२२ मध्ये ओटीटीवर धाडली. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीएसने ‘बियाँड द गेट्स’ ही नवी दैनंदिन मालिका सुरू केली, तीही त्या गप्पांच्या कार्यक्रमाच्याच जागेवर. १९९९ नंतर तिकडच्या मोठ्या नेटवर्कवर आलेली ही पहिली नवी दुपारची मालिका.

आता आपल्याकडे येऊ. दूरदर्शनने १९९४ मध्ये ‘शांती’ आणि १९९५ मध्ये ‘स्वाभिमान’ दुपारी दाखवून ही वेळ उघडली. मराठीत ती वाट प्रतीक्षा लोणकर यांच्या ‘दामिनी’ने रुजवली. अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ई-टीव्ही मराठी २००० मध्ये आली, पण दोन्ही वाहिन्यांची चुरस संध्याकाळी सातनंतरची. ई-टीव्हीची ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली, ती संध्याकाळच्या जोरावर. दुपार राहिली पाककृतींना आणि रात्रीच्या भागांच्या पुनःप्रसारणाला. हिंदीत त्याच काळात स्टार प्लसने दुपारी एकला ‘कुमकुम’ २००२ ते २००९ अशी चालवली, कारण ती वेळ तिच्याकडून काढून घेतली नाही. त्याच वाहिनीने एप्रिल २०१७ मध्ये एकदम चार नव्या मालिकांची दुपार सुरू केली आणि सप्टेंबरअखेर गुंडाळलीसुद्धा. सहा महिन्यांत दुपारची सवय लागत नाही. झी मराठीने त्याच वर्षी निर्मिती सावंत आणि किशोरी शहाणे यांची ‘जाडूबाई जोरात’ दुपारी एकला आणली, तीही काही महिन्यांचीच ठरली. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या ‘यशोदा’ आणि ‘लवंगी मिरची’ या दुपारच्या मालिकांना पुढचे वर्ष दिसले नाही.

स्टार प्रवाहने मात्र दुपार सलग बांधली. २०२२ मध्ये ‘मुरांबा’ दीडला, जानेवारी २०२३ मध्ये ‘शुभविवाह’ दोनला. मार्च २०२४ मध्ये ‘आई कुठे काय करते’ संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला आणली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती संपली. या शेवटच्या बदलाचे दोन अर्थ लागतात. वाहिनीच्या बाजूने पाहिले, तर दुपारच्या साखळीला ओळखीचे नाव मिळाले. मालिकेच्या बाजूने पाहिले, तर नोकरी करणारा तिचा मोठा प्रेक्षक एका आठवड्यात तुटला. तुमच्या लेखात मात्र ‘लोकप्रियता ओसरली’ एवढेच लिहिले आहे.

पुण्यात दीड ते तीन या वेळेत टीव्हीसमोर कोण असते, याचाही विचार करा. सोसायट्यांतले ज्येष्ठ, सकाळची घाई उरकलेली पोळी-भाजी केंद्रे, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका, घरून काम करणारी आणि जेवणाच्या सुटीत टीव्ही लावणारी सून. हा प्रेक्षक अर्धे लक्ष हातातल्या कामावर ठेवून बघतो. त्याला संवाद ऐकू आले पाहिजेत, चेहरा न बघताही कोण बोलते आहे ते कळले पाहिजे. रात्रीच्या मालिकेचे झटके, तीनदा वळणारा कॅमेरा, संवादावर चढलेले पार्श्वसंगीत इथे निरुपयोगी आहे. दुपारची मालिका कानांसाठी लिहावी लागते, आणि इर्ना फिलिप्स तेच करत होत्या.

मग बिघडते कुठे? नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलका चालतात. अर्ध्या तासातली २४ मिनिटे उरतात. शीर्षक, कालचे थोडक्यात आणि उद्याची झलक वजा जाता २१-२२. अमेरिकी मालिकांना आठवड्याला पाच भाग लागतात, आपल्याला सहा, शिवाय मधूनच रविवारचा महाएपिसोड. तिकडे मुख्य लेखक सहा महिन्यांचा आराखडा करतो, दुसरे लेखक रोजच्या भागाची मांडणी करतात आणि तिसरे संवाद लिहितात. आपल्याकडेही कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी तीन नावे श्रेयनामावलीत असतात. फरक हा की आपल्याकडे बार्क या टीव्ही-प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचा गुरुवारी येणारा आकडा पाहून सोमवारचा ट्रॅक, म्हणजे कथेची दिशा, फिरवला जातो. त्यामुळे भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेला साठा, उरत नाही. बँक संपली की जुन्या प्रसंगांच्या आठवणी, एकाच वाक्यावर सहा जणांचे चेहरे आणि पाच मिनिटांचे ‘कालचे थोडक्यात’ सुरू होते. रात्री हे खपते, कारण तेव्हा घरातले चारजण एकत्र बसलेले असतात. दुपारी एकटे बसलेले माणूस उठून दुसऱ्या कामाला लागते.

एक सूचना तक्ता करणाऱ्यांसाठी. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. सोमवारी सुरू झालेल्या मालिकेचे पहिल्या आठवड्यात पाचच भाग मोजले जातात, दुसऱ्यात सहा. भागांच्या रेटिंगची बेरीज छापली, तर दुसऱ्या आठवड्यातली वाढ प्रेक्षकांमुळे नव्हे, शनिवारच्या भागामुळे असते. तुलना करायचीच, तर प्रत्येक भागाची सरासरी घ्या आणि सुरू झाल्यावरचे पहिले चार आठवडे बाजूला ठेवा, कारण त्यात प्रोमोचा जोर असतो.

म्हणून विनंती आहे. दुपारच्या मालिकांचा तक्ता दर गुरुवारनंतर वेगळा छापा, साडेबारा ते तीन एवढ्याच वेळेचा. प्रत्येक नावापुढे रेटिंगबरोबर त्या वेळच्या चालू टीव्हींमधला वाटा द्या. त्याआधीच्या अर्ध्या तासात त्या वाहिनीवर नवा भाग होता की पुनःप्रसारण, ते लिहा, कारण पुनःप्रसारणानंतर येणारी मालिका रिकाम्या खोलीत सुरू होते. समोरच्या दोन वाहिन्यांवर काय होते ते लिहा. मालिका त्या वेळेत किती आठवडे आहे आणि तिची वेळ किती वेळा बदलली, हेही लिहा. बंद झालेल्या मालिकेची बातमी देताना शेवटच्या आठवड्याचा आकडा न देता, वेळ बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या चार-चार आठवड्यांची सरासरी शेजारी शेजारी ठेवा. वाचकाला निकाल स्वतःच लावता येईल.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे